आमची उपवासाची भगर

आमचं लग्न जमलं तेव्हा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मला मोजून दोन प्रश्न विचारले गेले होते. 'जॉब कंटिन्यू करणार का?' आणि 'स्वयंपाक येतो ना?' बस्स! तीन वर्षांनी आम्ही दोघं एक कुत्री दत्तक घ्यायला निघालो, तर हातात आला चक्क साडेतीन पानांचा फॉर्म.

घरात कोण कोण असतं? दुपारी दोन ते सहा घरी कोण? घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र आहे का? बाल्कनीला जाळी आहे? गावाला जाताना तिला कुठे ठेवाल? मूल झालं तर? ऑनसाइट जायची वेळ आली तर? चौदाव्या प्रश्नाला नवऱ्यानं हात टेकले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. 'अगं, व्हिसाला पण एवढं विचारत नाहीत!'

तर मंडळी, आधी आमची ओळख. मी फ्रीलान्सर, म्हणजे आठवड्यातले चार-पाच दिवस घरी बसून लेख पाडणारी. नवरा हिंजवडीला आयटीत. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. लहानपणी दोघांनाही कुत्रा हवा होता आणि दोघांच्याही आयांनी 'या घरात एक तर तो राहील नाहीतर मी' हे अस्त्र अगदी वेळेवर बाहेर काढलं होतं. त्यामुळे बाणेरच्या भाड्याच्या टू बीएचकेत आमचं राज्य सुरू झाल्यावर हा विषय दर रविवारी चहाबरोबर निघायचा. त्याला लॅब्रॅडॉर हवा होता. मला कुठलाही चालणार होता, फक्त विकत घ्यायचा नव्हता. शेवटी मैत्रिणीकडून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ग्रुपचा नंबर मिळाला. फोनवर पलीकडून आलेलं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. 'आमचं शेल्टर वगैरे नाही हं. आमची घरं आहेत.'

हा सगळा फंडा मला तेव्हा कळला. या ग्रुपकडे पिंजरे नाहीत, मोठी जागा नाही. रस्त्यावर सापडलेलं पिल्लू थेट कुणाच्या तरी घरी जातं आणि कायमचं घर मिळेपर्यंत तिथेच वाढतं. याला म्हणायचं फॉस्टर. यात दोन फायदे आहेत. एक तर पिल्लांचे लसीचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालू असतात. तोवर गर्दीच्या जागी पार्व्हो किंवा डिस्टेंपर पसरला तर एका पाठोपाठ एक पिल्लं जातात. घरात तो धोका बराच कमी. दुसरं म्हणजे कुत्रा घरात कसा वागतो हे घरातच कळतं. पिंजऱ्यात दिवसभर भुंकणारा घरी आल्यावर गप्प लोळत पडू शकतो आणि पिंजऱ्यातला गरीब गाय घरी आल्यावर सोफ्याचा कापूस काढू शकतो. तोटाही सरळ आहे. आठ घरं असतील तर आठच कुत्री. नववं पिल्लू सापडलं की ग्रुपवर फोनाफोनी सुरू.

फोटोंमध्ये नवऱ्याची नजर एका फिकट पिवळ्या, लांब पायांच्या कुत्रीवर अडली. 'ही लॅबसारखी दिसते ना?' फोटोखाली नाव होतं, भगर.

भगर?

त्याची गोष्ट अशी. १७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. वाकडजवळ एका बांधकामाच्या साइटवर विटांच्या ढिगामागे तीन पिल्लं सापडली. आई सापडलीच नाही. डॉक्टरांनी दुधाचे दात बघून वय सांगितलं, पाच आठवडे. तिघांना घरी नेणाऱ्या ताईंचा त्या दिवशी उपवास होता, म्हणून नावं पडली साबू, रताळं आणि भगर. पुण्यात लोक वरई म्हणतात, पण ताई मूळच्या नाशिकच्या. 'आमच्याकडे भगरच!' साबू आणि रताळं तीन महिन्यांचे व्हायच्या आत गेले. भगर मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही बघायला गेलो तेव्हा आठ महिन्यांची झाली होती आणि अजून कोथरूडमध्ये ताईंकडेच होती.

ताई एका बँकेत नोकरी करतात. घरी त्या आणि त्यांचे वडील. आम्ही बसलो, चहा आला, बिस्किटं आली, आजोबांनी क्रिकेटचा विषय काढला. भगर काही आली नाही. ती डायनिंग टेबलाखालून फक्त आमचे पाय बघत होती. 'बोलावू नका,' ताई म्हणाल्या. 'बघू पण नका तिच्याकडे. गप्पा मारा.' पाऊण तासानं माझ्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी ओलं लागलं. नाक! मी श्वास रोखून क्रिकेटवर बोलत राहिले. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

'हिचं ब्रीड काय धरायचं?' नवऱ्यानं विचारलं.

'डॉक्टर म्हणाले थोडं लॅब असेल, बरंच गावठी आणि हे लांब पाय बघून कारवानही असेल एखाद्या पणजोबात. अंदाजच सगळा.' मग ताईंनी कपाटातून एक वही काढली. शाळेची शंभर पानी वही, वर लेबलवर लिहिलेलं, 'भगर'. 'लॅबचं पुस्तक बाजारात मिळतं. हिचं एवढंच आहे.'

ती वही मी तिथेच बसून वाचली. लसींच्या तारखा, जंतांची औषधं, दर महिन्याचं वजन, गोचिडांमुळे आलेला टिक फीव्हर आणि त्याचं औषध, जानेवारीत झालेलं नसबंदीचं ऑपरेशन. आणि मधूनमधून अशा नोंदी: 'कांदा नाही. द्राक्षं, मनुका नाही. प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकासुद्धा नाही, बाबांना सांगितलं आहे.' 'छत्री उघडली की पळते, रेनकोट चालतो.' 'गाजर आवडतं.' 'कुकरची तिसरी शिट्टी सहन होत नाही.' आणि एका पानावर लाल पेनानं: 'बाल्कनीचं सरकतं दार. आवाज आला की कोपऱ्यात जाऊन लघवी.'

मी ताईंकडे बघितलं. त्या सरळ म्हणाल्या, 'ही एकदा परत आली आहे.'

सप्टेंबर २०२४ मध्ये तीन महिन्यांची असताना भगर एका घरी गेली होती. फोटोत गोल, पिवळी, अगदी लॅबचं पिल्लू. मग पाय वाढले, थोबाड लांब झालं, कान उभे राहिले. डिसेंबरमध्ये फोन आला. 'हे तर गावठी निघालं!' शेवटचे काही आठवडे ती दिवसभर बाल्कनीत बंद असायची, हेही नंतर कळलं. 'तुम्हाला लॅब हवा असेल तर आत्ताच सांगा,' ताई नवऱ्याला म्हणाल्या. 'मला राग येणार नाही. सहा महिन्यांनी सांगाल तर मात्र येईल.'

नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'ताई, आमच्या बाल्कनीचं दारही सरकतंच आहे. आम्ही ते उघडंच ठेवू. जाळी लावून घेतो.'

पुढच्या आठवड्यात ताई आमचं घर बघायला आल्या. जाळी ओढून बघितली. फिनाइलची बाटली वरच्या फडताळात ठेवायला लावली. सांगलीला राहणाऱ्या घरमालक काकांशी स्वतः फोनवर बोलल्या. मग करारावर सह्या. त्यातलं सातवं कलम त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं: कुठल्याही कारणानं सांभाळणं जमलं नाही तर भगर आमच्याकडेच परत येईल, परस्पर कुणाला द्यायची नाही. पैसे? एक रुपया नाही. वही मात्र आमच्या हवाली झाली. भगरला न्यायच्या दिवशी ताई खाली आल्याच नाहीत. आजोबाच जुनी चादर घेऊन रिक्षापर्यंत आले. म्हणाले, 'ती वर ओट्याशी उभी आहे. चौदावी आहे ही, तरी दरवेळी हेच.'

दत्तक घेणाऱ्यांच्या जगात एक तीनाचा पाढा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. पाढा ढोबळ आहे, प्रत्येकाला लागू होईलच असं नाही. आमच्याकडे पहिले दोन दिवस ती चादर सोडून हललीच नाही. तिसऱ्या रात्री तिनं माझी चप्पल खाल्ली. डावी. त्या आनंदात मी उजवीपण देऊन टाकली. तीन आठवड्यांत सकाळी साडेसहाला ती नवऱ्याच्या कानात फुंकर मारायला लागली. जिमच्या तीन मेंबरशिप वाया घालवलेला हा माणूस रोज चार किलोमीटर चालायला लागला! सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'कुत्र्यांना लिफ्ट बंद' अशी पाटी दाखवली, तेव्हा मी त्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून दिल्या. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात साफ म्हटलंय. पाटी उतरली. आम्ही शक्यतो जिन्यानंच जायचो, ती गोष्ट वेगळी.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि जुलैत सांगलीहून फोन आला. काका फ्लॅट विकणार होते. आमचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट सप्टेंबरअखेर संपत होतं.

पुण्यात भाड्यानं घर शोधलेल्यांना मी काय सांगायचं! त्यात आता कुत्री. एजंट आधी उत्साहात 'मॅडम, सेमी फर्निश्ड, ईस्ट फेसिंग' म्हणायचे आणि 'पेट आहे' म्हटलं की त्यांचा आवाज बसायचा. सूचना सोसायटीला दाखवता येतात हो, पण मालकाला घर द्यायचंच नसेल तर त्याला काय दाखवणार? 'कुठलं ब्रीड?' हा पुढचा प्रश्न. मिक्स म्हटलं की संपलंच. एका मालकीणबाईंनी तर सांगितलं, 'पग असता तर चाललं असतं.' ऑगस्ट उजाडेपर्यंत आम्ही अकरा घरांवर पाणी सोडलं होतं.

त्यातच ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा आदेश आला. दिल्ली आणि आसपासचे भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका. आदेश दिल्लीचा, पण पुण्यातले व्हॉट्सॲप ग्रुपही पेटले. ज्यांच्या घरच्यांना कुत्रे चावलेत त्यांची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य, हे मीही लिहिलंय. पण त्या दहा दिवसांत उभे कान आणि लांब पाय असलेली प्रत्येक कुत्री लोकांना भटकीच दिसायला लागली. आमच्या लिफ्टमध्ये एका आजींनी भगरचा पट्टा बघूनही विचारलं, 'ही उचलून नेणार का हो आता?' २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्र्यांना जिथून उचललं तिथेच सोडा, रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून. त्यात दत्तकाचाही उल्लेख होता. प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. कारण त्याच आठवड्यात, रात्री जेवताना, नवरा हळूच म्हणाला होता, 'सहा महिने ताईंकडे ठेवू या का तिला? आपण वन बीएचकेत राहू. मग चांगलं घर बघून परत आणू.' त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तो थकला होता. मीही थकले होते. आणि करारात सातवं कलम होतंच की!

मी ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'ये घेऊन,' त्या म्हणाल्या. 'दार उघडंच आहे, तसा शब्द दिलाय मी. फक्त येण्याआधी वहीचं एकतिसावं पान वाचा दोघं.'

एकतिसावं पान डिसेंबर २०२४ चं होतं, भगर परत आल्यानंतरचं. आम्ही ते आधी वाचलं असणार, पण तेव्हा ती आमची कुत्री नव्हती. चारच ओळी होत्या. 'आज तिसऱ्या दिवशी खाल्लं. दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. बेल वाजली की उठते, मग परत बसते. कुणाची वाट बघतेय कळत नाही.'

नवऱ्यानं वही मिटली आणि उठून भगरच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला. बराच वेळ. मग तिथूनच म्हणाला, 'वारज्यातलं ते घर बघू या. हायवेच्या पलीकडचं.'

ते घर आम्ही आधी नाकारलं होतं. भाडं चार हजारांनी जास्त, नवऱ्याला ऑफिसला जायला पाऊण तास जादा, तिसरा मजला, लिफ्ट बंद. पण मालक वरच्याच मजल्यावर राहणारे, आणि त्यांची एकच अट होती: कुत्री रात्री भुंकता कामा नये. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी टेम्पो भरला. वर्षअखेरची गोव्याची ट्रिप त्या चार हजारांत गेली. मी दोन जास्तीचे कॉलम घेतले. कुणी म्हणेल, एका कुत्रीसाठी एवढं? खरं सांगू, हिशेब मांडला तेव्हा आमच्याकडे 'एवढं' बरंच होतं. तिच्याकडे दोन घरांतून एकदा जाऊन आल्याची आठवण तेवढी होती.

नव्या घरात ती पहिल्या रात्री झोपली नाही, पण भुंकलीही नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा वहीत बघून आम्ही बाथरूममध्ये चादर टाकली, पंखा मोठा केला आणि मी तिथेच बसून एक लेख पुरा केला. आणि नोव्हेंबरमधल्या एका सकाळी, मी फोनवर बोलत असताना, भगर बाल्कनीत गेली. स्वतःहून. या घरातलंही दार सरकतंच आहे. ती उन्हात पाय ताणून पडली. मी फोनवरच्या बाईंना सांगितलं, नंतर करते. मग वहीत पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिलं, 'आज बाल्कनीत झोपली, वीस मिनिटं.' फोटो ताईंना पाठवला. उलट उत्तरात फक्त आजोबांचा अंगठा आला. ताई म्हणे ओट्याशी होत्या.

तुमच्याही डोक्यात हे खूळ असेल, तर चार गोष्टी सांगते. फॉस्टर करणाऱ्या बाईंना किंवा बाप्यांना 'गोड आहे का?' हे विचारू नका, सगळी पिल्लं गोड असतात. विचारा की ते कशाला घाबरतं, किती वेळ एकटं राहतं, आजवर कुणाला बघून गुरगुरलंय. खरं उत्तर मिळालं की समजा माणसं चांगली आहेत. मिश्र जातीचं पिल्लू किती वाढेल हे फोटो बघून कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे चेहऱ्यावर भाळू नका. घर भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र आधी घ्या आणि ॲग्रीमेंट संपायच्या तीन महिने आधी हातपाय हलवा. लस, गोचिडांचं औषध, खाणं आणि अडीअडचणीला डॉक्टर धरून आमचे महिन्याला साडेतीन-चार हजार जातात. पालिकेचा परवानाही काढून घ्या. आणि परत करायची सोय आहे म्हणून घेऊ नका. ती सोय कुत्र्याची आहे.

परवा नव्या सोसायटीत पाळीव प्राण्यांची नोंदणी होती. क्लबहाउसमध्ये टेबल टाकून खजिनदार काका बसले होते. नाव: भगर. वय: दीड वर्ष. वजन: अठरा किलो. पुढचा रकाना: जात. 'मिक्स,' मी म्हटलं.

'म्हणजे काय काय मिक्स?' काकांनी पेन थांबवलं.

भगर त्यांच्या बुटाची लेस हुंगत होती. नवरा म्हणाला, 'थोडं लॅब, बरंच गावठी. आणि उरलेलं कोथरूड.'

काकांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि रकान्यात तसंच्या तसं लिहून टाकलं.